आधी कोणता प्रश्न विचारला? आमच्या उत्सव समितीला खुले पत्र

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार आणि देवस्थानचे सभासद असलेल्या समस्त महाजन मंडळींस,
स. न. वि. वि.

यंदाच्या जत्रेचे नाटक ठरवायला गेल्या रविवारी देवळाच्या अग्रशाळेत झालेल्या बैठकीचा निकाल मला मान्य आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पत्र वाचताच "मास्तरांचे संगीत नाटक पडले म्हणून त्यांच्या पोटात दुखतेय" असे कुणीतरी म्हणणारच. नाटक पडले हे खरे, आणि थोडे दुखतेही. पण यंदाच्या जत्रेला सामाजिक विनोदी नाटक होणार आणि मी नेहमीप्रमाणे विंगेत बॅटरी घेऊन प्रॉम्प्टिंगला बसणार, यात काही बदल नाही. मला बोलायचे आहे ते निकाल कसा लागला त्याबद्दल. तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यावर काही गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत.

झाले ते असे. हजर पंचेचाळीस. पर्याय तीन: संगीत, ऐतिहासिक, सामाजिक. अध्यक्षबाबांनी विचारले, "संगीत जाय काय ऐतिहासिक?", म्हणजे दोन्हींतले कोणते हवे. संगीताला ३१ हात, ऐतिहासिकाला १४. ऐतिहासिक बाद. मग विचारले, "संगीत जाय काय सामाजिक?" सामाजिकाला २७, संगीताला १८. संगीतही बाद. टाळ्या पडल्या, चहा आला, भजी आली. एरवी मध्यरात्रीपर्यंत चालणारे भांडण पाच मिनिटांत मिटले म्हणून सगळेच खूश होते.

फक्त एक जण खूश नव्हता. तलवारबाजीची हौस असलेला आमच्या वाड्यावरचा एक पोरगा कप हातात धरून नुसता उभा होता. मला म्हणाला, "मास्तर, ऐतिहासिक काय सामाजिक, तें कोणेंच विचारलें ना."

खरेच कुणी विचारले नव्हते. मलाही तोवर ते सुचले नव्हते.

पुढचे पाच दिवस मी तेच केले. पसऱ्यावर (दुकानात), न्हाव्याकडे, देवळाच्या पायऱ्यांवर, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला विचारले की बाबा, तिन्हींचा क्रम लाव: पहिले कोणते, दुसरे कोणते, शेवटचे कोणते. पंचेचाळीसही जण गाठले आणि पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून काढले. गटही अगदी सरळ पडले. अठरा जण म्हणतात: आधी संगीत, मग ऐतिहासिक, शेवटी सामाजिक. ही आमच्यासारखी जुनी खोडे, ज्यांना बाजाच्या पेटीचा सूर हवा आणि तो नसेल तर निदान भरजरी पोशाख तरी. चौदा जण म्हणतात: आधी ऐतिहासिक, मग सामाजिक, आणि रात्री दोन वाजता तीन-तीनदा 'वन्स मोअर' घेणारे संगीत शेवटी. उरलेले तेरा: आधी सामाजिक, मग संगीत, शेवटी ऐतिहासिक. या तेरांत पोशाख पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याचे बिल भरून हात पोळलेले दोन माजी खजिनदार आहेत, हे सांगायला नकोच.

आता हिशेब करा. संगीत विरुद्ध ऐतिहासिक: ३१ ला १४. सामाजिक विरुद्ध संगीत: २७ ला १८. बैठकीत पडले तेच आकडे. आणि न विचारलेला तिसरा प्रश्न, ऐतिहासिक विरुद्ध सामाजिक: ३२ ला १३! म्हणजे गावाने निवडलेले नाटक ज्याच्यापुढे सपशेल आपटले असते, ते नाटक आपण पहिल्याच फेरीत बाहेर काढून ठेवले होते.

म्हणून ऐतिहासिक हाच खरा विजेता, असेही मी म्हणत नाही. त्याला संगीत हरवते, संगीताला सामाजिक हरवते, सामाजिकाला ऐतिहासिक हरवते. फुगडीसारखे गोल गोल. अध्यक्षबाबांनी सुरुवात ऐतिहासिक आणि सामाजिक या जोडीपासून केली असती, तर शेवटी संगीत जिंकले असते. सामाजिक आणि संगीत यांच्यापासून केली असती तर ऐतिहासिक. माणसे तीच, मते तीच, हातही तेच. निकाल ठरला तो आधी कोणता प्रश्न विचारला यावर. अध्यक्षबाबांनी हे मुद्दाम केले असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्या कागदावर नावे त्या क्रमाने होती, एवढेच.

हा घोळ आपल्या गावाचा नाही. कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने तो १७८५ मध्ये पुस्तकात मांडून ठेवला आहे. शहाणा माणूस कोणाला म्हणावे, याची अर्थशास्त्रातली व्याख्या तशी माफक आहे. त्याला दोन गोष्टींत तुलना करता यावी आणि त्याच्या आवडीत वळसा नसावा. मासळीचे घ्या: इसवण चणकापेक्षा आवडते आणि चणक बांगड्यापेक्षा आवडतो, तर बांगडा इसवणापेक्षा आवडतो असे त्याने म्हणू नये. कुणी म्हणालाच, तर बाजारातली मासळीवाली त्याला प्रत्येक अदलाबदलीला वर दहा रुपये मागेल आणि दुपारपर्यंत त्याच्या पिशवीत सकाळचाच बांगडा राहून खिसा रिकामा होईल. आपल्या पंचेचाळीसांत असा एकही माणूस मला भेटला नाही. प्रत्येकाचा क्रम सरळ होता. वळसा पडला तो गाव म्हणून एकत्र हात मोजल्यावर. त्यामुळे "लोकांना अक्कल नाही" असे जे नंतर पसऱ्यावर बोलले गेले, ते साफ चूक आहे.

मग दुसरी एखादी पद्धत घ्यावी? कोंदोर्सेच्याच काळात पॅरिसच्या अकादमीत बोर्दा म्हणून नौदलातला गणिती होता. त्याने गुण द्यायला सांगितले: पहिल्या पसंतीला दोन, दुसरीला एक, शेवटच्याला शून्य. आपल्या कागदांवरून मी ते करून पाहिले. संगीत ४९, ऐतिहासिक ४६, सामाजिक ४०. संगीत जिंकले! रात्री साडेअकराला हा आकडा पाहून मी एकटाच हसलो हे कबूल करतो. पण मग विचार केला, समजा ड्रेपरीवाला म्हणाला की यंदा जिरेटोप आणि अंगरखे दुसऱ्या गावाला गेलेत, ऐतिहासिक जमणार नाही. ते यादीतून काढले की उरतात संगीत आणि सामाजिक, आणि त्यात सामाजिक २७ ला १८ जिंकते. जे नाटक जिंकणारच नव्हते त्याचे कपडे मिळाले नाहीत म्हणून पहिले आलेले नाटक हरले. कुणाची आवड तसूभरही बदलली नाही. ही तऱ्हा कोणत्या गावकऱ्याला पटवून देणार?

केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हे दार कायमचे लावून घेतले. त्याने मागितलेल्या अटी वाचल्या तर तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे. कुणी कसाही क्रम लावला तरी पद्धत चालली पाहिजे. सगळ्यांनाच एखादे नाटक दुसऱ्याहून आवडत असेल तर गावाच्या क्रमातही ते वर असावे. दोन नाटकांत वरचढ कोण हे त्या दोघांबद्दलच्या मतांवरूनच ठरावे, तिसऱ्याच्या कपड्यांवरून नव्हे. कुणा एकाचाच शब्द नेहमी अखेरचा नसावा. आणि निघणाऱ्या क्रमात वळसा नसावा. पर्याय तीन किंवा अधिक असतील, तर या साऱ्या अटी एकत्र पाळणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही, हे त्याने सिद्ध केले. सापडलेली नाही असे नव्हे, असूच शकत नाही. वर्गात हे सांगताना मुले नेहमी विचारायची, "सर, मग लोकशाही खोटी?" मी म्हणायचो, नाही रे, वजनकाट्याला खोट असते हे कळले म्हणून बाजार बंद करत नाहीत. आज मागे वळून पाहता ते उत्तर जरा घाईचे होते, कारण काटा कुणाच्या हातात आहे हे मी कधी सांगितले नाही.

ते आता सांगतो, आणि ते माझ्याच विरुद्ध जाते.

मी चिटणीस होतो त्या वर्षी देवस्थानच्या शिल्लक पैशांतून एकच काम होण्यासारखे होते. रंगमंचावर पत्रे घालावेत, स्वयंपाकघर वाढवावे, की शौचालये बांधावीत? मला पत्रे हवे होते. आदल्या वर्षी दुसऱ्या अंकात पाऊस आला होता आणि पेटीत पाणी गेले होते. लोकांचा कल मला ठाऊक होता. शौचालये पत्र्यांना हरवणार, पण स्वयंपाकघरापुढे हरणार, आणि स्वयंपाकघर पत्र्यांपुढे हरणार. म्हणून मी पहिला प्रश्न घातला: "स्वयंपाकघर काय शौचालय?" शौचालये गेली. दुसरा: "स्वयंपाकघर काय पत्रे?" पत्रे आले. सभावृत्तांतात मी स्वच्छ अक्षरात लिहिले, "बहुमताने मंजूर." एकही शब्द खोटा नव्हता. शौचालये बांधायला पुढे अकरा वर्षे गेली. अकरा जत्रा बायकांनी रात्री दोन-तीन वाजता माडांमागे अंधारात जाऊन काढल्या. त्यातली एक माझी आई होती. त्या बैठकीत एकही बाई नव्हती आणि गेल्या रविवारीही नव्हती. पंचेचाळीसांची बेरीज कशी करावी हे फ्रेंचांकडून शिकण्याआधी, पंचेचाळीसांत कोण धरले हा प्रश्न आहेच. नाटकाला पुढच्या चटया भरणाऱ्या त्याच, वर्गणीचे पैसे डब्यातून काढून देणाऱ्याही त्याच.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढे कारस्थान कोण करतो? करणाऱ्याला चिटणीस असावेच लागते असेही नाही. रविवारचेच घ्या. आम्हा अठरा संगीतवाल्यांपैकी नऊ जणांनी पहिल्या फेरीत दगाबाजी करून ऐतिहासिकाला हात दिला असता, तर ऐतिहासिक २३ ला २२ पुढे गेले असते आणि नंतर सामाजिकाला ३२ ला १३ लोळवले असते. आम्हाला नावडते सामाजिक सोसण्याऐवजी दुसऱ्या पसंतीचे ऐतिहासिक मिळाले असते. म्हणजे आम्ही आपल्या नाटकाला प्रामाणिकपणे मत दिले आणि त्याचीच शिक्षा भोगली. पर्याय तीन किंवा अधिक असले आणि कुणा एकाची हुकूमशाही नको असली, तर खोट्या मताला कधीच फायदा होणार नाही अशी मतदानाची पद्धत नसते, हे गिबर्ड आणि सॅटरथ्वेट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७३ आणि १९७५ मध्ये वेगवेगळे दाखवले. आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठीच आहे, असे बोर्दा म्हणाल्याचे सांगतात. त्याने आमची बैठक पाहिली नव्हती.

दोनच पर्याय असतील तर मात्र साधे बहुमत निर्धास्त असते. केनेथ मे या गणितज्ञाने १९५२ मध्ये तसे सिद्धच केले: सगळ्या मतदारांना सारखे धरायचे, दोन्ही पर्यायांना सारखे धरायचे, आणि एक मत वाढले तर त्याचा उपयोग व्हायचा, तर बहुमताखेरीज दुसरी पद्धतच नाही. पण हे दोनच पर्याय कुणी ठरवले? आपण गोंयकारांनी हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. मी तेव्हा दुसरीत होतो. आमच्या वाड्यावर एका भिंतीवर फूल, समोरच्या भिंतीवर दोन पाने. फूल म्हणजे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, पाने म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित) राहणे. पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आमच्या घरात बाबा फुलाकडे आणि मामा पानांकडे, आणि दोघांत कित्येक महिने अबोला. मोजणीत खोट नव्हती. पण स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय कागदावर नव्हता, कारण तसा कायदाच संसदेने केला नव्हता. ते राज्य ३० मे १९८७ ला आले. तिन्ही पर्याय ठेवले असते तर काय झाले असते हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याला मी वरचे पाठकोरे कागद दाखवतो. गंमत पाहा, विलीनीकरणाचा झेंडा घेतलेला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष कौल हरला आणि त्याच वर्षी मार्चच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्याला पुन्हा सत्तेवर बसवले. लोक उलटसुलट नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न बदलला होता. अगदी अलीकडे, २०१७ च्या विधानसभेत भाजपला काँग्रेसपेक्षा अधिक टक्के मते मिळाली, पण जागा भाजपला १३ आणि काँग्रेसला १७. पुढे सरकार कुणी केले तो विषय अग्रशाळेत काढायचा नाही असा आपला नियम आहे, म्हणून थांबतो.

रविवारी कुणीतरी म्हणालेच, "एवढे भांडता कशाला, देवाला कौल लावा." मी हसण्यावारी नेले नाही. मूर्तीला लावलेली पाकळी उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. तिथेही गाऱ्हाण्यात कोणता प्रश्न घालायचा हे माणूसच ठरवतो आणि जोड्या लावून विचारले तर पुन्हा तीच फुगडी. पण नशिबावर टाकण्यात एक मोठा गुण आहे. सगळ्यांनी आपापली पहिली पसंती चिठ्ठीवर लिहायची आणि लहान मुलाने एक चिठ्ठी उचलायची, असे ठरवले तर खोटे लिहून कुणाचाच फायदा होत नाही. हेही गिबर्डनेच १९७७ मध्ये पक्के केले. संगीताला पंचेचाळिसांत अठरा, म्हणजे शंभरात चाळीस एवढी संधी. देवळात लहान मुलाच्या हातून चिठ्ठी उचलण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी बरीच आधी पाडली होती.

माझे आजोबा जुन्या गावकरीच्या, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, गोष्टी सांगत. एक वांगड (कूळ) अडून बसला की बैठक उठायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची, शेवटी सगळे कंटाळून एकमत व्हायचे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकरीचे रीतिरिवाज कागदावर उतरवले त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले होते. आजोबांना त्याचा अभिमान होता. मला तितका नाही. एकमत लागत असेल तर अडवणारा राजा होतो आणि जुने तसेच चालू राहते. पण त्यात एक गोष्ट होती जी हात मोजण्यात नाही: कुणाला किती लागते आहे, हे तोंडावर दिसायचे. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात ॲरोच्या कोंडीतून जी वाट दाखवली ती काहीशी अशीच आहे. नुसता क्रम घेऊ नका, कोणाचे किती बरेवाईट होते याचीही माहिती आत येऊ द्या. आपल्या बाजावाल्या काकांची बोटे आता वर्ष-दोन वर्षेच चालतील. त्यांचा एक हात आणि ज्याला कुठलेही नाटक चालते अशा माझ्या भाच्याचा एक हात, रविवारी दोन्हींचे वजन एकच होते.

आता वर्गणीबद्दल, कारण पुढच्या बैठकीत तो विषय आहे. तिथे हा घोळ नाही. ज्याला एक हजार योग्य वाटतात त्याला पाचशेपेक्षा आठशे बरे वाटतात आणि तीन हजारांपेक्षा दोन हजार बरे. सगळे एकाच रेषेवर. अशा ठिकाणी वळसा पडत नाही, हे डंकन ब्लॅक या स्कॉटिश माणसाने १९४८ मध्ये दाखवले. प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहावा, चढत्या क्रमाने लावावे, पंचेचाळिसांतला तेविसावा आकडा घ्यावा. कुणी रागाने एक रुपया लिहो की तोऱ्याने लाख, मधला आकडा त्याला हवा तसा सरकत नाही. सरासरी मात्र काढू नका. गेल्या वेळी मुंबईच्या एका महाजनाच्या एका आकड्याने आपली सरासरी कुठल्या कुठे गेली होती, आठवत असेल.

नाटकासाठी माझी विनंती एवढीच की पुढल्या वर्षी हात वर करायला लावू नका. तिन्ही नावांची चिठ्ठी प्रत्येकाला द्या, क्रम लिहून घ्या, आणि महाजनांच्या घरातल्या बायकांनाही द्या, नियमात बसत नसेल तर सल्ला म्हणून तरी. एखादे नाटक बाकी दोघांना समोरासमोर हरवत असेल तर तेच करावे, वाद नाही. वळसा पडला तर मुलाच्या हातून चिठ्ठी. आणि ही रीत आत्ताच, कोणती नाटके येणार हे कुणालाच ठाऊक नसताना, सभावृत्तांतात लिहून ठेवा. बोर्दाची गुणांची पद्धत मी सुचवत नाही, कारण ती माझे नाटक पहिले आणते. तीही पक्की आहे असा दावा नाही, आणि मी सुचवलेली रीतही पक्की नाही.

छापील चिठ्ठ्यांचा एक नमुना या पत्रासोबत खजिनदारांकडे देत आहे. झेरॉक्सचे पैसे मी भरले आहेत, पावती नको. यंदाच्या नाटकाची तालीम बुधवारी रात्री आठला आहे असे कळले. संहितेची माझी प्रत अजून आलेली नाही. दुसऱ्या अंकातला नवरा कोण करणार हेही ठरलेले नाही म्हणतात, उमेदवार तीन आहेत. त्या वेळी मी गावात नसेन अशी व्यवस्था मी केली आहे.

आपला,
एक महाजन आणि विंगेतला प्रॉम्प्टर